गाडीचा एसी : गॅस संपत नाही, गळतो



होळी झाली की ऊन तापायला लागतं आणि ज्यांच्या दारात चारचाकी आहे त्यांच्या घरी एक ठरलेला खर्च निघतो : "एसीत गॅस भरून आणायचा आहे." गेल्या वर्षी भरला होता, त्याच्या आदल्या वर्षीही भरला होता. गॅरेजवाला म्हणतो, "वर्ष झालं ना ताई, गॅस संपला." आपणही मान डोलावतो. स्वयंपाकाचा सिलिंडर संपतो तसा हाही संपत असेल, असं वाटतं.

या लेखातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. गाडीच्या एसीतला गॅस जळत नाही आणि वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस गोल गोल फिरत राहतो. तो कमी झाला, तर कुठून तरी बाहेर गेला आहे.

गटाच्या पेटीत पाचशे रुपये कमी भरले, तर आपण गुपचूप पाचशे टाकून पेटी बंद करतो का? आधी वही उघडतो, पैसे गेले कुठे ते शोधतो. एसीचंही तेच आहे. आधी गळती शोधायची, मग गॅस भरायचा.

आपल्याला हे कशाला माहीत हवं?

कारण गाडी आता फक्त पुरुषांचा विषय राहिलेली नाही. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात २०१७ मध्ये आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आली. बचत गटातल्या ताईंनी गाडी घ्यावी आणि गाव ते बाजार, गाव ते दवाखाना अशी वाहतूक चालवावी, हा तिचा हेतू. याशिवाय गटाच्या अंतर्गत कर्जातून किंवा बँक कर्जातून घेतलेल्या व्हॅन, टेम्पो आपल्या भागात फिरताना दिसतात. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा ट्रकवर असतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांपेक्षा जड मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी असणं सरकारने बंधनकारक केलं आहे. म्हणजे एसी आता चैनीची वस्तू राहिली नाही. ज्याला चटका बसतो त्याच्या कामाचं ते साधन झालं.

गाडीचा हप्ता ठरलेला असतो, डिझेल ठरलेलं असतं. दुरुस्तीचं बिल मात्र समजलं नाही तर कितीही होतं. समजा, गळती तशीच ठेवून दर उन्हाळ्याला दोन हजारांचा गॅस भरला. पाच वर्षांत दहा हजार गेले, आणि गळती होती तिथेच आहे. कधी कधी ती गळती काही रुपयांच्या रबरी रिंगची असते.

थंडावा येतो कुठून?

यासाठी शाळेतलं विज्ञान आठवायची गरज नाही, आपलं घर पुरेसं आहे. तीन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली, माठ. माठातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातलं पाणी गार. इंजेक्शनच्या आधी नर्सताई दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा गार लागतं, तेही याच कारणाने. पातळ पदार्थाची वाफ होताना तो शेजारची उष्णता ओढून घेतो.

दुसरी, वाफेचा चटका. इडलीपात्राचं झाकण काढताना हाताला वाफ लागली तर उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त पोळतं. कारण त्वचेवर येऊन त्या वाफेचं पाणी होतं, आणि तेव्हा तिने पोटात धरलेली उष्णता ती सोडून देते. वाफेचा पुन्हा पातळ पदार्थ होताना उष्णता बाहेर पडते.

तिसरी, कुकर. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशाला उकळतं. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून ते साधारण १२० अंशापर्यंत तापल्यावर उकळतं आणि डाळ लवकर शिजते. दाब वाढवला की उकळायला जास्त उष्णता लागते, दाब कमी केला की कमी उष्णतेतही उकळतं.

एसी म्हणजे या तीन गोष्टींचा खेळ. फक्त पाण्याच्या जागी वेगळा पदार्थ असतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांमध्ये तो आर-१३४ए नावाचा गॅस असतो. उघड्यावर ठेवला तर हा उणे २६ अंशालाच उकळतो, म्हणजे बर्फापेक्षाही खूप गार असताना त्याची वाफ होते.

गॅसचा फेरा : चार मुक्काम

१. कॉम्प्रेसर. हा इंजिनला लागून असतो आणि बहुतेक गाड्यांत इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. एसीचं बटण दाबल्यावर बऱ्याच गाड्यांमध्ये बॉनेटखाली "टक" असा आवाज येतो, तो याचा क्लच लागल्याचा. कॉम्प्रेसर गॅसला दाबतो. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप कसा गरम होतो, तसाच दाबलेला गॅस खूप तापतो.

२. कंडेन्सर. गाडीच्या अगदी पुढे, रेडिएटरच्याही पुढे असलेली जाळी. तापलेला गॅस इथे येतो. उष्णता नेहमी जास्त गरम वस्तूकडून कमी गरम वस्तूकडे जाते. बाहेर ४२ अंशाचं ऊन असलं तरी गॅस ६० अंशाच्या आसपास असतो, म्हणून तो आपली उष्णता त्या उन्हातल्या हवेलाही देऊ शकतो. गॅसला इतकं दाबून गरम करायचं ते यासाठीच. उष्णता गेली की गॅसचा पातळ पदार्थ होतो.

३. ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. ड्रायरमध्ये ओल शोषून घेणारे दाणे असतात. ते गॅसमधला पाण्याचा अंश धरून ठेवतात. पुढे व्हॉल्व्हचं बारीक छिद्र आहे. त्यातून पातळ गॅस पलीकडे फवारला जातो आणि त्याचा दाब एकदम कमी होतो.

४. कूलिंग कॉइल. डॅशबोर्डच्या आत लपलेली जाळी. दाब कमी झाल्यामुळे गॅस इथे शून्य अंशाच्या आसपास उकळतो आणि त्याची वाफ होताना गाडीतल्या हवेतली उष्णता ओढून घेतो, माठासारखीच. ब्लोअरचा पंखा ही गार झालेली हवा आपल्याकडे फेकतो. ही वाफ मग परत कॉम्प्रेसरकडे जाते आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

म्हणजे एसी गाडीच्या आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. हमालाचं काम. हमाली इंजिन देतं, म्हणून एसी चालू असताना इंधन जास्त जातं.

दाबाचा अंदाजही घेऊ. टायरमधली हवा पीएसआयमध्ये मोजतात, ते माप ओळखीचं आहे. कूलिंग कॉइलच्या बाजूला गॅसचा दाब साधारण ३० पीएसआय असतो, म्हणजे कारच्या टायरइतका. कंडेन्सरच्या बाजूला तो २०० ते २५०, कडक उन्हात त्याहूनही जास्त. म्हणून एसीच्या नळ्या घरी कधीही खोलायच्या नाहीत.

आणखी एक. एसी चालू असताना गाडीखाली पाणी टपकतं, त्याला घाबरू नका. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसं ते कॉइलवर जमलेलं पाणी असतं. ते बाहेर न पडता आत पायाखाली साचत असेल, तर पाणी जाण्याची नळी तुंबली आहे.

गळती कुठे होते, आणि तिचं दुखणं काय?

खरं सांगायचं तर रबरी पाइपांतून आणि सीलमधून थोडा थोडा गॅस झिरपतोच. त्यामुळे काही वर्षांनी गॅस भरावा लागला तर त्यात वावगं नाही. पण दर उन्हाळ्याला लागत असेल, तर ती गळतीच.

गळतीच्या नेहमीच्या जागा अशा : नळ्यांच्या जोडावरच्या ओ-रिंग, कॉम्प्रेसरच्या पुढचं सील, दगड लागून भोक पडलेला कंडेन्सर, गंजलेली कूलिंग कॉइल, आणि गॅस भरायच्या तोंडावरचा व्हॉल्व्ह. त्या तोंडावर टायरच्या व्हॉल्व्हसारखी टोपी असते. ती हरवली असेल तर लगेच बसवून घ्या.

गळतीची एक खूण आपल्यालाही दिसते. गॅससोबत थोडं तेलही नळ्यांतून फिरत असतं, कारण कॉम्प्रेसरला वंगण त्याच तेलाचं मिळतं. जिथून गॅस जातो तिथून तेलही पाझरतं आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट डाग होतो. असा डाग दिसला तर मेकॅनिकला बोट लावून दाखवा.

खरं नुकसान इथेच आहे. गॅससोबत तेल जातं आणि दर वर्षी नुसता गॅस भरत राहिलं की तेल कमी कमी होत जातं. एक दिवस कॉम्प्रेसर सुकून जाम होतो. तो एसीतल्या सगळ्यांत महागड्या भागांपैकी एक. शिवाय जाम होताना त्याचा धातूचा भुगा सगळ्या नळ्यांत पसरतो, मग कंडेन्सर आणि ड्रायरही बदलावे लागतात. गळतीकडे केलेलं दुर्लक्ष हप्त्याला भारी पडतं ते असं.

नीट सर्व्हिस कशी असते?

गॅरेजमध्ये आपण उभ्या असलो की कामाचा क्रम बघायचा.

१. तपासणी. दोन घड्याळांचं गेज लावून दोन्ही बाजूंचा दाब बघतात. नुसत्या दाबावरून गॅस नेमका किती आहे ते मात्र कळत नाही.

२. उरलेला गॅस काढणं. चांगल्या गॅरेजमध्ये मशीनने तो गॅस टाकीत परत घेतात आणि किती ग्रॅम निघाला ते सांगतात. नळी ढिली करून हवेत सोडून देणं चुकीचं आहे.

३. गळती शोधणं. नायट्रोजन दाबाने भरून जोडांवर साबणाचं पाणी लावतात, बुडबुडे आले तिथे गळती. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो तीच रीत. काही जण शोधक यंत्र वापरतात, काही जण गॅसमध्ये रंग घालून खास दिव्याखाली बघतात. यासाठी ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नका. तेलाशी गाठ पडून स्फोट होऊ शकतो.

४. दुरुस्ती. ओ-रिंग, पाइप किंवा जो भाग असेल तो बदलतात. नळ्या बराच काळ उघड्या राहिल्या असतील तर ड्रायरही बदलावा लागतो, कारण त्याने हवेतली ओल पिऊन घेतलेली असते.

५. व्हॅक्यूम. पंप लावून आतली हवा पूर्ण ओढून घेतात. हे किमान अर्धा तास चालायला हवं. यात कुकरचा नियम उलटा लागू होतो : आतला दाब अगदी कमी झाला की नळीत राहिलेलं पाणी साध्या तापमानालाच उकळतं, त्याची वाफ होते आणि पंप ती ओढून घेतो. ओल राहिली तर व्हॉल्व्हच्या छिद्रात बर्फ धरतो आणि तेलाशी मिसळून आतले भाग खराब होतात. नंतर पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं सुई बघायची. सुई वर सरकली तर अजून गळती आहे.

६. वजन करून गॅस भरणं. बॉनेटखाली बहुतेक गाड्यांवर एक स्टिकर असतो. त्यावर गॅसचं नाव आणि किती ग्रॅम भरायचा ते लिहिलेलं असतं. लहान कारला साधारण अर्धा किलोच्या आसपास लागतो, मागेही एसी असलेल्या मोठ्या गाडीला जास्त. तो काट्यावर मोजून भरायचा. "जास्त भरतो ताई, जास्त गार होईल" हे खोटं आहे. जास्त झाला तर गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. गेलेल्या तेलाचीही भर घालावी लागते, आणि तीही कंपनीने सांगितलेल्याच प्रकारच्या तेलाची.

प्रत्येक वेळी दोष गॅसचाच नसतो

- हवा गार आहे पण झोत कमी आहे : केबिन फिल्टर धुळीने भरला असेल. अनेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो, दहा मिनिटांत निघतो. आपल्या कच्च्या रस्त्यांवर तो लवकर भरतो.
- गाडी पळताना गार, उभी राहिली की गरम : कंडेन्सरसमोरचा पंखा बंद असेल किंवा जाळीत चिखल, किडे, कापसाचे तंतू अडकले असतील. पाण्याच्या हलक्या धारेने जाळी धुवा. जोराचा फवारा मारला तर तिच्या पातळ पात्या वाकतात.
- थोडा वेळ गार, मग बंद, थांबून पुन्हा गार : कॉइलवर किंवा व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरत असेल.
- कुबट वास : ओल्या कॉइलवर बुरशी. मुक्कामाला पोहोचायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला की कॉइल सुकते.
- कॉम्प्रेसर लागतच नाही : फ्यूज, रिले, वायर किंवा खूपच कमी गॅस. गॅस फार कमी झाला की एक स्विच कॉम्प्रेसर आपोआप बंद ठेवतो. तो वाचवण्यासाठीच असतो. वायर थेट जोडून कॉम्प्रेसर चालवायला सांगू नका.

रोजच्या वापरात

उन्हात उभी गाडी बाहेरच्यापेक्षा आत जास्त तापलेली असते. आधी काचा उघडून दोन मिनिटं गरम हवा जाऊ द्या, मग काचा लावून एसी आणि आतलीच हवा फिरवणारं बटण लावा. हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे तेल फिरत राहतं आणि सील सुकत नाहीत.

जिवाची काळजी

लहान मुलाला बंद गाडीत पाच मिनिटंही एकटं ठेवू नका. उन्हात दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी वाढू शकतं. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही.

इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका, शेडमध्ये तर मुळीच नाही. इंजिनच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत आला तर त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

आणि स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस किंवा कुठलाही बिननावाचा गॅस एसीत भरू देऊ नका. कूलिंग कॉइल आपल्या समोरच असते. ती गळली तर पेट घेणारा गॅस थेट प्रवाशांमध्ये येतो.

गळालेला गॅस जातो कुठे?

हवेत. आणि तिथे तो बराच काळ राहतो. पूर्वीच्या गाड्यांतला आर-१२ गॅस ओझोनच्या थराला मारक होता, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो जगभर बंद होत गेला. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण तेराशे ते चौदाशे पट जोरदार आहे. अर्धा किलो गॅस गळाला, तर सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळल्याइतका परिणाम होतो. असे गॅस कमी करत न्यायचं जगातल्या देशांनी २०१६ मध्ये किगाली इथे ठरवलं आणि भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. अवकाळी पाऊस आणि वाढता उन्हाळा शेतात कोण सोसतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

गॅरेजमध्ये विचारायचे पाच प्रश्न

१. गळती कुठे सापडली? मला दाखवा.
२. जुना गॅस किती ग्रॅम निघाला?
३. व्हॅक्यूम किती मिनिटं लावला, आणि सुई टिकली का?
४. कोणता गॅस, किती ग्रॅम भरला? स्टिकरवर किती आहे?
५. तेल किती आणि कोणतं घातलं? बदललेला जुना भाग कुठे आहे?

ही पाच उत्तरं तारखेसह गाडीच्या वहीत लिहा आणि बिल तिथेच चिकटवा. नियमित नोंदी हे आपल्या पंचसूत्रीतलंच सूत्र आहे, ते गाडीलाही लागू. पुढच्या वर्षी कुणी "गॅस संपला" म्हणालं, तर वही उघडून विचारता येईल, "गेल्या मार्चमध्ये इतके ग्रॅम भरला होता, मग गेला कुठे?"

शेवटी एक. दहावी झालेल्या मुलींसाठी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. गाड्यांचे एसी, दुधाचे कूलर, दुकानांतले फ्रीज, सगळीकडे या कामाला माणूस लागतो, आणि तालुक्याला नीट काम करणारे हात कमीच असतात. ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत गाडी असलेल्या ताईंना हे पाच प्रश्न उतरवून द्या. आणि ज्यांच्या मुलींनी यंदा दहावी दिली आहे, त्यांना या अभ्यासक्रमाबद्दलही सांगा.